उदककुंभ आणि दार नसलेली माणसे

वैशाख शुद्ध तृतीया ही साडेतीन मुहूर्तांतील एक तिथी. या दिवशी केलेले दान, जप, हवन वा तर्पण कधीही क्षय पावत नाही अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा असून, त्या श्रद्धेवरूनच या तिथीस अक्षय्य तृतीया हे नाव लाभले. आज घरोघरी मातीचा नवा कुंभ वाळ्याच्या पाण्याने भरला जाईल आणि गंधफूल वाहून पितरांच्या नावे तो दान दिला जाईल. चैत्रभर पाहुणी आलेल्या गौरीला आज निरोप द्यावयाचा. त्या निमित्ताने हळदीकुंकवाचे शेवटचे बोलावणे होईल, आंब्याची डाळ आणि पन्हे यांनी आल्यागेल्याचे आतिथ्य होईल. खानदेशात हीच तिथी आखाजी म्हणून साजरी होते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडांवर झोके चढतात आणि पितरांच्या घागरीची पूजा होते.

या दिवशी कोणते दान द्यावे, याची परंपरेने सांगितलेली यादी वाचकांनी क्षणभर नजरेपुढे आणावी. थंड पाण्याने भरलेला कुंभ, छत्री, पादत्राणे, वाळ्याचा वा ताडाचा विंझणा, सातूचे पीठ, ताक, पन्हे, काकडी-कलिंगडासारखी रसाळ फळे. एखाद्या अनुभवी वैद्याने उन्हाळ्याचे पथ्य लिहून द्यावे, तशी ही यादी आहे. डोक्यावर छाया, पायांखाली चामडे, हातात वारा, पोटात पाणी आणि मीठ. वर्षातील सर्वांत दाहक दिवसांत सर्वांत मोठे पुण्य कशाचे, तर दुसऱ्याचा दाह शमविण्याचे, असे आपल्या पूर्वजांनी ठरवून ठेवले. पुण्याच्या आशेने का होईना, ज्याच्यापाशी आहे त्याच्या हातून ज्याच्यापाशी नाही त्याच्याकडे ऐन उन्हाळ्यात या वस्तू पोहोचाव्यात, अशी ती योजना होती. यादवांच्या दरबारातील हेमाद्री पंडिताने आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त दानखंड हा स्वतंत्र खंड रचला, यावरून दानाचा विचार या भूमीत किती गंभीरपणे झाला, याची कल्पना यावी.

ही यादी आपण अगदीच विसरलो आहोत असे नव्हे. परंतु तिचा हेतू मात्र आपल्या हातून सुटला आहे. कुंभाची जागा लहानशा लोटीने घेतली, छत्री-जोड्यांची जागा दक्षिणेच्या नाण्याने घेतली, आणि वर्तमानपत्रांतील जाहिरातींवर विश्वास ठेवायचा तर अक्षय्य तृतीया हा केवळ सुवर्णखरेदीचा दिवस उरला आहे. सोने घेण्यास आमचा विरोध नाही. पण ज्या दिवसाचा आत्मा पाण्याचा घट आहे, त्या दिवशी तो घट अखेर कोणाच्या ओठांपर्यंत पोहोचला, हा प्रश्न विचारणे आम्हांला अगत्याचे वाटते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र या तिहींचा विचार करावयास सांगितले आहे. त्याच तीन कसोट्यांवर आजच्या उदककुंभाची परीक्षा करून पाहू.

काल

आपली पंचांगे ऋतूंशी बांधलेली आहेत. चैत्र-वैशाखात पाणी, छाया आणि वारा. मार्गशीर्ष-पौषात तीळ, गूळ आणि कांबळे. चातुर्मासात संन्याशानेही एका जागी राहावे आणि गृहस्थाने त्याची सोय पाहावी. पण ज्या ऋतुमानावर हे सारे बेतलेले आहे, ते ऋतुमानच आज आपल्या जागेवरून सरकू लागले आहे. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ इतके उष्ण वर्ष भारताने पाहिले नव्हते. साऱ्या जगाच्या नोंदींतही तेच वर्ष सर्वांत उष्ण ठरले. २०२३ चा फेब्रुवारी हा तोवरच्या नोंदींतील सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. म्हणजे होळी पेटण्यापूर्वीच उन्हाळा दाराशी येऊन उभा राहतो. पाऊसही आता मृग नक्षत्राची वाट पाहत नाही. २०२५ साली मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच येऊन दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. इतक्या लवकर तो आल्याची पूर्वीची नोंद नाही. ज्यांच्या घरांना छपरे आहेत त्यांनी या नवलाची चर्चा गॅलरीत उभे राहून केली. पदपथावर संसार असलेल्यांनी मात्र ताडपत्री घेण्यासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यावर भरवसा ठेवला होता. त्यांचे अंथरूण, धान्य आणि कागदपत्रे मे महिन्यातच भिजली.

उष्णतेने माणूस दगावतो, ही गोष्ट आपण फार काळ गांभीर्याने घेतली नव्हती. अहमदाबादेत २१ मे २०१० रोजी पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात त्या शहरात नेहमीच्या सरासरीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. त्या आघातातून त्या शहराने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. आगाऊ इशारे, जागोजागी पिण्याचे पाणी, रुग्णालयांची तयारी, आणि पुढे झोपड्यांच्या छपरांना पांढरा चुना, असे साधेच उपाय त्यात होते. पुढे देशातील अनेक शहरांनी तोच कित्ता गिरविला.

आपल्या कोकणपट्टीत पारा एवढा चढत नाही, म्हणून निश्चिंत राहावे असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर दुपारी जमलेल्या लाखोंच्या समुदायातील चौदा जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी त्या परिसरातील पारा चाळिशीच्याही खालीच होता. हवेत दमटपणा असला की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान खाते सपाट प्रदेशासाठी चाळीस अंशांची, तर किनाऱ्यासाठी सदतीस अंशांची मर्यादा धरून उष्णतेच्या लाटेचा विचार करते. विदर्भातील माणूस कोरड्या भट्टीत भाजून निघतो, मुंबईतील माणूस बंद भांड्यातील वाफेत शिजतो, एवढाच काय तो भेद.

त्या एका दुपारच्या उन्हात जे घडले, ते भोगून झाल्यावर माणसे निदान घरी परतू शकत होती. ज्यांना परतण्यास घरच नाही, त्यांची दुपार रोजची आहे. रात्रही त्यांना सोडवीत नाही. दिवसभर तापलेले डांबर आणि सिमेंट रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते, आणि हा माणूस झोपतो तो नेमका त्याच डांबरावर. शरीराला रात्री गारवा मिळाला तर दिवसाचा शीण भरून निघतो. तो मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचे ऊन आदल्या दिवसाच्या उन्हात मिळविले जाते. काळाच्या कसोटीचा निर्वाळा असा की, वैशाखातील जलदानाची गरज पूर्वीहून कमी झालेली नसून कितीतरी वाढली आहे. आणि ती आता केवळ वैशाखापुरती राहिलेली नाही.

पात्र

आता पात्राचा विचार. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. महाराष्ट्रात त्यांची संख्या दोन लाख दहा हजारांच्या घरात होती. उत्तर प्रदेशाच्या खालोखाल आपलाच क्रमांक. त्यानंतर २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे हे आकडेही जुने आहेत, आणि ज्याला पत्ता नाही त्याची मोजदाद नेहमी कमीच होते, हे निराळे सांगावयास नको. जनगणनेच्या व्याख्येत बेघर म्हणजे रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या नळांच्या पोकळीत, जिन्याखाली, पुलाखाली, रेल्वेच्या फलाटावर किंवा देवस्थानांच्या उघड्या आवारात राहणारी माणसे. सरकारी व्याख्येतही देवाचे अंगण आले आहे, याची श्रद्धावंतांनी नोंद घ्यावी.

ही माणसे कोण आहेत? आळशी, व्यसनी, भिकारी हे शब्द आपल्या जिभेवर चटकन येतात. त्यांत तसे कोणी असतीलही, घरांतही असतात. परंतु बहुतेक जण काम करणारे आहेत. पहाटे मजुरीसाठी नाक्यावर उभा राहणारा तो, बाजारात पाटी उचलणारा तो, आपण टाकलेल्या कचऱ्यातून कागद आणि प्लास्टिक निवडणारी ती. आज सकाळी आपण ज्या पुडीतून देवाला फुले वाहिली, दाराला जे आंब्याच्या पानांचे तोरण लावले, ते विणणारी बाईदेखील अनेकदा त्याच मंडईच्या फळीखाली झोपते. कोणी दुष्काळी गाव सोडून आलेला असतो, कोणी वृद्ध मुलांनी टाकलेला, कोणी मनाचा तोल गेलेला. मुंबईत परळच्या बाजूला मोठ्या रुग्णालयांबाहेर तर दूर गावाहून उपचारासाठी आलेली कुटुंबे पदपथावर दिवस काढताना दिसतात. गावी त्यांचे घर असते, पण आजाराने त्यांना इथे बेघर केलेले असते.

ही माणसे पदपथावर का राहतात, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या जुलैत देऊन ठेवले आहे. १९८१ च्या भर पावसाळ्यात मुंबईतील पदपथवासीयांना हुसकावण्याचे ठरले, तेव्हा ते प्रकरण न्यायालयात गेले. ही माणसे जिथे काम मिळते तिथे राहतात. त्यांचे वसतिस्थान काढून घेणे म्हणजे त्यांची उपजीविका काढून घेणे, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग होय, असे न्यायालयाने म्हटले. पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, हेही खरे. परंतु पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर येईपर्यंत कोणालाही उठवू नये, असे बंधन त्याने घातले. ऋतू पाहून कठोरता आवरावी, हा विचार चातुर्मास पाळणाऱ्या समाजाला परका वाटण्याचे कारण नाही.

पात्रतेचा आणखी एक पैलू आहे आणि तो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पृथ्वी तापते आहे ती कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने. त्या जाळण्यात सर्वांत कमी वाटा कोणाचा, तर ज्याच्याकडे विजेचा दिवा नाही, वाहन नाही, शीतकपाट नाही, त्याचा. आणि त्याची झळ सर्वांत आधी लागते तीही त्यालाच. आपण खोली गार करतो तेव्हा यंत्राची गरम हवा बाहेर रस्त्यावर सोडतो. तिथे जो बसलेला असतो, त्याच्या अंगावर ती जाते. आपल्या धर्माने माणसाला जन्मतःच ऋणांची जाणीव दिली. देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण आपण मानतो, आणि रोजच्या पंचमहायज्ञांत मनुष्ययज्ञालाही स्थान देतो. मग ज्या माणसाच्या वाट्याची शीतलता आपण नकळत खर्चून टाकली, त्याला दिलेला पाण्याचा कुंभ हे दान म्हणावयाचे की ऋणाची अंशतः फेड? आमच्या मते ती ऋणफेडच होय. आणि ऋण फेडताना घेणेकऱ्याची पात्रता तपासण्याचा अधिकार ऋणकोला नसतो.

नाथांनी काशीहून रामेश्वरासाठी कावडीतून आणलेली गंगा वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा आपण मुलांना सांगतो आणि कीर्तनात ऐकून डोळे पुसतो. त्या गाढवाने आपली पात्रता सिद्ध केली नव्हती. ते तहानलेले होते, एवढेच नाथांना पुरले. सोबतच्या यात्रेकरूंना मात्र रामेश्वराचा अभिषेक चुकला याची खंत वाटली. आपण आज नाथांच्या बाजूला आहोत की त्या यात्रेकरूंच्या, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

देश

राहिला देश, म्हणजे स्थान. उन्हाळ्यातील दुपारी बारा ते चार ही वेळ सर्वांत घातक. नेमक्या याच वेळी शहरातील सावलीच्या जागा एकामागून एक बंद होतात. दुकानदार पायरीवर बसू देत नाही, उद्यानाचे फाटक दुपारी लागते, इमारतीचा रखवालदार जिन्याखालून हुसकावतो. आणि, लिहिताना मनाला क्लेश होतात, पण अनेक मंदिरांचे दारही याच वेळी बंद असते.

दुपारी देवाला विश्रांती असते, गाभारा बंद असतो, ही प्रथा आम्ही जाणतो आणि मानतो. परंतु गाभारा आणि सभामंडप यांत अंतर आहे. सभामंडप हा पूर्वीपासून वाटसरूचा विसावा होता. वारकरी त्यात पाठ टेकीत, परगावचा माणूस त्यात रात्र काढी. जाड दगडी भिंती, उंच छत आणि वाहता वारा यांमुळे जुन्या मंदिरांचा मंडप भर वैशाखात जितका गार असतो, तितकी शहरातील दुसरी कोणतीही विनामूल्य जागा नसेल. आमची देवस्थानांच्या विश्वस्तांना नम्र पण आग्रहाची विनंती आहे की, फाल्गुनापासून पाऊस स्थिरावेपर्यंत दुपारच्या वेळी गाभारा हवा तर बंद ठेवावा, पण मंडप उघडा ठेवावा. एक रांजण, एक सतरंजी आणि एक सेवेकरी, एवढ्याने काम भागते. अस्वच्छता होईल, चोऱ्या होतील, भाविकांना संकोच वाटेल, हे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. दानपेटीला कुलूप लावता येते आणि फरशी पुसता येते. जो देव तापलेल्या भक्ताला सावली देत नाही असे आपण आपल्या वागण्याने दाखवू, त्या देवाचे माहात्म्य आपण मुलांना कोणत्या तोंडाने सांगणार?

याच संदर्भात एक नाजूक पण आवश्यक गोष्ट सांगितली पाहिजे. रस्त्यावर राहणाऱ्या अनेक स्त्रिया दिवसभर हेतुपुरस्सर पाणी कमी पितात. कारण शौचालय जवळ नसते. असले तर दर खेपेस पैसे मोजावे लागतात. रात्री तिथे जाणे भयाचे असते. भर उन्हाळ्यात पाणी न पिणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण देणे. आपण तिच्यापुढे पाण्याचा कुंभ ठेवला तरी ती तो पिणार नाही, हे आपल्या ध्यानी येत नाही. म्हणून ज्या मंडळाने पाणपोई घातली, त्याने जवळच्या शौचालयात या भगिनींना विनामूल्य प्रवेश मिळेल एवढी व्यवस्था लावून दिली, तरच ते जलदान पूर्ण झाले असे म्हणावे.

निवाऱ्यांबाबत तर नियमच आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सरकारांना बजावले की, मोठ्या शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांसाठी एक कायमचा निवारा असावा आणि तो वर्षभर, दिवसरात्र उघडा असावा. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही हेच प्रमाण धरण्यात आले. २०११ मध्ये मुंबईची लोकसंख्या एक कोटी चोवीस लाख होती. म्हणजे त्या हिशेबाने मुंबईत सव्वाशे निवारे हवेत. आपल्या प्रभागात असा निवारा कोठे आहे, हे किती वाचकांना सांगता येईल? आणि ‘रात्रनिवारा’ हा शब्दच आता अपुरा झाला आहे. सकाळी सातला माणसांना बाहेर काढून दार लावणारा निवारा थंडीत उपयोगी पडेल. उन्हाळ्यात खरी गरज दुपारची आहे.

सरकारचे काम आणि आपले काम

हे सारे सरकारने आणि महापालिकेने करावयाचे, आपण सामान्य गृहस्थांनी त्यात का पडावे, असे काही वाचक म्हणतील. निवारे बांधणे, पाणी आणि शौचालये पुरविणे हे सरकारचेच काम होय, आणि ते त्याच्याकडून करवून घेतले पाहिजे, यात आमचे दुमत नाही. घरोघरच्या उदककुंभांनी शासनाची जबाबदारी संपत नाही. पण तहान ही निविदा मंजूर होण्याची वाट पाहत नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी राज्यकर्त्या म्हणून देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभारल्या, तेव्हा त्यांनी राज्याचे कर्तव्य आणि धर्माचे कर्तव्य अशी दोन खाती वेगळी ठेवली नव्हती. संत गाडगेबाबांच्या हाती ना राज्य होते, ना धन. स्वतः झाडाखाली निजणाऱ्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधविल्या, आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा उभा केला. तहानलेल्याला पाणी आणि बेघराला आसरा ही त्यांच्या दशसूत्रीतील कलमे होती. देव कोठे आहे, हे त्यांनी खराट्याने आणि धर्मशाळांनी सांगितले.

पदपथ चालण्यासाठी असतात, तिथे माणसे बसू लागली तर शहराचे काय होईल, असाही एक प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण पाणी दिल्याने कोणी पदपथावर राहावयास येत नाही आणि पाणी न दिल्याने कोणी घरी जात नाही, कारण जावयास घर नसते. पदपथ मोकळे व्हावेत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी निवाऱ्यांची मागणी सर्वांत मोठ्या आवाजात केली पाहिजे.

यंदाचा संकल्प

आता प्रत्यक्ष कृतीविषयी थोडे. आज जो कुंभ आपण पुजणार, तो पूजेनंतर अडगळीत जाऊ नये. झाकण, तोटी आणि भांडे यांसह तो जिथे माणसे खरोखर झोपतात वा काम करतात, तिथे सावलीत ठेवावा, खाली ओली वाळू घालावी, आणि तो रोज घासून भरण्याचा नेम इमारतीतील वा आळीतील कुटुंबांनी वाटून घ्यावा. एक दिवसाचा कुंभ हे व्रताचे उद्यापन झाले. व्रत मात्र पाऊस येईपर्यंत चालावे. पाणी रात्रीही असावे.

पितरांच्या नावे एक सुती उपरणे, एक टोपी आणि एक जोडी चपला द्याव्यात. जुन्या चालतील, पण तुटक्या नकोत. तापलेल्या डांबरावर अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला फोड येतात आणि पावसाळ्यात त्याच जखमांतून साचलेल्या पाण्यातील रोग शिरतो. तेव्हा वैशाखातील पादत्राणांचे दान आषाढातही उपयोगी पडते. हळदीकुंकवाचे पन्हे करताना एक पातेले अधिक करावे आणि त्यात मीठ घालावयास विसरू नये. पन्हे नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळविले, की ते श्रमून आलेल्याला औषधासारखे लागू पडते.

रस्त्याच्या कडेला कोणी बरळत असेल, झोकांड्या खात असेल वा निपचित पडला असेल, तर तो प्यायलेला आहे असे समजून पुढे जाण्याची आपली रीत आहे. उष्माघाताची लक्षणेही हीच असतात, हे ध्यानात ठेवावे. अंग चटका बसावा इतके तापलेले असेल तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर, विशेषतः मान आणि काखा यांवर, पाणी घालावे, वारा घालावा आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. एवढ्या माहितीने एखादा जीव वाचू शकतो, आणि विंझण्याचे दान याहून सार्थ कसे होईल?

वैशाख सरता सरता, पहिल्या पावसाची वाट न पाहता, ताडपत्री आणि कागदपत्रे ठेवण्यासाठी एक जाड प्लास्टिकची पिशवी द्यावी. शिधापत्रिका वा ओळखपत्र भिजून गेले, की माणूस सरकारच्या लेखी नाहीसाच होतो, आणि ते पुन्हा मिळविण्यासाठी त्याच्यापाशी पत्ता नसतो. ज्यांना शक्य असेल त्यांनी जवळच्या पत्र्याच्या निवाऱ्याच्या वा झोपडीच्या छपराला पांढरा चुना लावून द्यावा. थोड्या खर्चात आतली धग कमी होते. आणि सर्वांनी मिळून आपल्या नगरसेवकाला वा प्रभाग कार्यालयाला एक प्रश्न लेखी विचारावा: आमच्या प्रभागातील बेघरांचा निवारा कोठे आहे, आणि तो दुपारी उघडा असतो काय? शंभर कुटुंबांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते.

अखेरची एक सूचना धर्मशास्त्राच्या जाणकारांपुढे ठेवतो. पाणपोई गुढीपाडव्यापासून घालावी असा परिपाठ आहे. पूर्वी उन्हाळा चैत्रात बसत असे, म्हणून तो योग्यच होता. आता उन्हाळा फाल्गुनातच बसतो. तेव्हा पुढील वर्षापासून होळीच्या दुसऱ्याच दिवशी पाणपोयांचा आरंभ व्हावा. ज्यांनी ऋतू पाहून दान सांगितले, त्या पूर्वजांना ऋतूबरोबर दानाची तिथी अलीकडे आणणारे वंशज खचितच आवडतील.

आज सायंकाळी पितरांना तर्पण करून झाल्यावर वाचकांनी घराबाहेर पडावे आणि आपल्या रस्त्यावर कोणाला दार नाही, हे एकदा पाहून यावे. कुंभ कोठे ठेवावयाचा, हे त्यावरून ठरविता येईल. अक्षय्य तृतीयेच्या सर्व वाचकांना शुभेच्छा.